एकही दांडी तिरकी नाही

४ मार्च, मंगळवार

वहिनी,

नमस्कार. 'विनंती विशेष' असं लिहायची पद्धत आहे, पण विनंती करायचा मला अधिकार नाही आणि विशेष काही घडलेलं नाही. तरी लिहितो आहे, कारण सकाळी डोळ्यांच्या दवाखान्यातून डॉक्टरीणबाईंचा फोन आला आणि तो नेमका मी उचलला. "हॉलचा रंग वाळला. ते टांगायचं कधी आणताय?" मी म्हणालो, "कलाकार परगावी आहेत." हे खरंच आहे. "परत कधी येणार?" यावर मी बराच वेळ खोकलो.

फोन ठेवून तुमच्या मागच्या खोलीत गेलो. तुमचं ते झुलतं शिल्प, तुमच्या भाषेत 'मोबाईल', अजून तिथेच लटकतं आहे, तुम्ही शेवटचं पाहिलंत तसंच. वरची लांब दांडी, तिच्या टोकांना आखूड दांड्या, त्यांच्या टोकांना आणखी आखूड, आणि सगळ्यांत खाली रंगीत पत्र्याची पानं. सगळ्या दांड्या जमिनीला समांतर, दुरेघी वहीतल्या ओळींसारख्या. मी दार उघडलं, खिडकी उघडली, शेवटी गाल फुगवून फुंकर घातली. ढिम्म. पूर्वी शेजारच्या खोलीत आत्या शिंकली तरी त्याच्यात बराच वेळ कुजबुज चालायची.

दादाची बाजू मांडतो, कारण तो स्वतः मांडणार नाही. तो पूल तपासणारा माणूस. टांगलेल्या गोष्टी हलू नयेत, याचाच त्याला पगार. तुम्ही प्रदर्शनाला गेला होतात, त्याने वर पाहिलं आणि त्याला वाटलं, हे कललंय, म्हणजे बिघडलंय. मग सुट्टीचा अख्खा दिवस खपून त्याने कड्या सरकवल्या, हलक्या बाजूला लोखंडी चकत्या अडकवल्या, सगळं पकडीने आवळलं आणि पाणसळ लावून एकेक दांडी सरळ केली. बायकोला आनंदाचा धक्का द्यायचा होता. त्यातला धक्का उत्तम बसला.

तुम्ही आलात, बॅग खाली ठेवलीत, वर पाहिलंत. "कोणी केलं?"

"मी," तो छाती काढून म्हणाला. "बघ. आता एकही दांडी तिरकी नाही."

तुम्ही बॅग उचललीत. मी पाण्याचा पेला घेऊन दारात उभा होतो. ते पाणी शेवटी मीच प्यायलो.

आमच्या जुन्या पोथ्या तपासायच्या धंद्यात पोथी उतरवून घेणारे दोन जातींचे. एक झोपाळू. तो अक्षर गाळतो, ओळ दोनदा लिहितो. त्याच्या चुका सापडतात. दुसरा शहाणा. त्याला जे कळत नाही ते तो सुधारून लिहितो. मग मूळ काय होतं ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. हे मी दादाला जेवताना सांगितलं. तो म्हणाला, "तू जेव."

तर, डॉक्टरीणबाईंना काय सांगू?

तुमचा दीर,
तूर्त दूरध्वनी विभाग

ता. क. कोपऱ्यावरचे काका येऊन गेले. 'वहिनी मोबाईल बनवतात ना?' म्हणून काच फुटलेला फोन ठेवून गेले आहेत. मी पावती दिलेली नाही.


११ मार्च, मंगळवार

वहिनी,

उत्तर नाही. टपालखात्यावर मी संशय घेत नाही.

या आठवड्यात मी एक उद्योग केला. हसाल, पण मला ते दिसणार नाही म्हणून सांगतो. कपड्यांचे दोन हँगर तोडून तारा काढल्या, एक चमचा, दोन किल्ल्या आणि कोटाची मोठी बटणं घेतली आणि पडद्याच्या दांडीला स्वतःचं एक टांगू लागलो. मी आपला शिकलो तसा निघालो: आधी वरचं मुख्य सूत्र, मग त्याचे पोटनियम. वरची तार मस्त तोलली. तिच्या एका टोकाला खालची तार अडकवली, की वरची कोसळली. वरची सावरली, की खालची रुसली. एखाद्या एकत्र कुटुंबासारखा प्रकार.

आत्या दारात उभी राहून बघत होती. "आयुष्यात भिंतीला एक खिळा ठोकला नाहीस. आता काय तारा वाकवतोयस?"

"जिज्ञासा आहे, आत्या."

"मग जिज्ञासा खाली पडली की उचल. माझ्या पायाला बटण टोचलं."

तेव्हा मला आठवलं, तुम्ही नेहमी जमिनीवर मांडी घालून बसायचात आणि सगळ्यांत छोटी जोडी आधी हातात घ्यायचात. मला तो विनय वाटायचा. ती पद्धत होती! शेवटची दांडी आधी. ती तोलली, की ती सबंध मिळून एकच वजन. ते वरच्या दांडीच्या टोकाला. मग ती दोन्ही मिळून एक वजन. म्हणजे जी सगळ्यांत वर दिसते, ती सगळ्यांत शेवटी जन्मते. इतकी वर्षं एका घरात राहून मला हे माहीत नव्हतं.

मग मी खालून सुरुवात केली. एका टोकाला चमचा, दुसऱ्याला बटण. तार बोटावर घेऊन इकडेतिकडे सरकवत गेलो. चमच्याकडे, आणखी चमच्याकडे, आणि एका जागी ती थांबली. वहिनी, त्या क्षणी बोटावर काहीच नसल्यासारखं वाटतं. वजन तर तेवढंच असतं. मग जातं कुठे? मी आत्याला हाक मारली आणि हाकेच्याच वाऱ्याने ती पडली.

दवाखान्यातही जाऊन आलो. तिथे लोकांच्या डोळ्यांत थेंब घालतात, बाहुल्या मोठ्या होईपर्यंत त्यांना हॉलमध्ये बसवून ठेवतात, आणि तेवढा वेळ त्यांना धड काही दिसत नाही. अक्षर नाही, घड्याळ नाही, समोरच्याचं नाक नाही. "म्हणून मला त्यांच्यासाठी ते हवं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नाहीतर टीव्ही आलाय. खोक्यात आहे." पेशंट आत्ताही हॉलमध्येच बसतात, पण त्याचं उद्घाटन आठ एप्रिलला. खोकं मी पाहिलं. मोठं आहे.

जाता जाता तीन प्रश्न. एक: पानं आधी रंगवायची की आधी तोलायची? दोन: वरची दांडी मुळात किती अंश कललेली होती, साडेअकरा म्हणता येईल का? तीन: मधली कडी डाव्या टोकापासून किती मिलिमीटरवर होती?

तुमचा जिज्ञासू दीर


१९ मार्च, बुधवार

वहिनी,

कार्ड मिळालं. घरात ते मी सोडून दोघांनी वाचलं, आणि दोघांनीही वाचलं नसल्याचं भासवलं.

"भाऊजी, पहिला प्रश्न तुमचा. आधी रंगवायचं. रंगालाही वजन असतं. बाकीचे ज्याचे आहेत त्याने विचारावेत."

आता लपवण्यात अर्थ नाही. मी जन्मात मिलिमीटर हा शब्द वापरलेला नाही. त्या रात्री मी पत्र लिहीत असताना दादा माझ्या मागून पाण्याला जात होता. सारखा. एवढं पाणी कोणी पीत नाही. शेवटी मीच म्हणालो, "काही घालायचंय का?" तर म्हणाला, "मला कशाला? पण तू कोन विचारलास का?"

तुमच्या कार्डानंतर तो स्वतः लिहायला बसला. वर लिहिलं, 'विषय: आपल्या गैरहजेरीत करण्यात आलेल्या दुरुस्तीबाबत.' मग खाली, 'महोदया'. मग तो कागद घडी घालून खिशात. मी डोकावलो नाही. तो खिशातलं सगळं टेबलावर ठेवून आंघोळीला गेला, याला मी काय करणार?

मात्र त्याने ते पुन्हा होतं तसं करायचं मनावर घेतलं आहे. ऑफिसातून येतो, शर्ट न बदलता मागच्या खोलीत जातो. चकत्या काढल्या. पण कड्या मुळात कुठे होत्या? तारेवर तुमच्या पकडीच्या खुणा असणार, त्यावरून सापडतील, असं मी म्हणालो, कारण जुन्या पोथीत खोडलेलं अक्षर आम्ही असंच शोधतो. पण खुणा उरल्याच नव्हत्या. दुरुस्ती संपल्यावर त्याने सगळ्या तारा पॉलिशपेपरने घासून लख्ख केल्या होत्या. मी सांगितलं ना, शहाणी जात.

मग फोटो. अख्ख्या घरात त्या कामाचा एकच फोटो निघाला, आणि त्यात बरोबर मधोमध आत्या उभी आहे. तिच्या डोक्यावर लाल पान टोपीसारखं आणि खांद्यामागून एका दांडीचं टोक. दादाने भिंग घेऊन त्या टोकाचा कोन काढला. त्यावरून बाकीचं गणित मांडलं, दांड्या त्याप्रमाणे कलवल्या आणि पुन्हा आवळून टाकल्या. आता ते तिरकं आहे, तरी हलत नाही. सगळी पाठांतरं करूनही अर्थ न कळलेल्या विद्यार्थ्यासारखं दिसतं.

"काय चुकतंय?" त्याने मला विचारलं. मला! ज्याचा चमचा अजून पडद्याला लटकतो आहे.

आत्या म्हणाली, "मला बाजूला उभं राहायला सांगितलं असतं तर राहिले असते."

तुमचा दीर


२७ मार्च, गुरुवार

वहिनी,

काल घडलं ते क्रमाने सांगतो. क्रम सोडला तर तुमचा विश्वास बसणार नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आहे तसं टांगून तर बघू. मी ते चादरीत घेऊन गाडीत मागे बसलो, आजारी कोकरू मांडीवर घ्यावं तसा. पोचेपर्यंत त्याने स्वतःच्या सगळ्या गाठी मारून घेतल्या होत्या. त्या सोडवण्यात सकाळ गेली. मग टांगलं. दादा खाली बाकावर बसून न्याहाळू लागला.

"इथे बसायचं तर पेशंट म्हणून बसा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पन्नाशी उलटली. डोळे शेवटचे कधी तपासले?" तो काही बोलायच्या आत नर्सने त्याची मान मागे करून थेंब घातले. पुलाच्या पोटातली केसाएवढी भेग जमिनीवरून ओळखणारा माझा भाऊ हाताने बाक चाचपत बसला.

थोड्या वेळाने मी विचारलं, "दिसतंय?"

"डाग आहेत. रंगाचे. भिंतीवर असल्यासारखे."

त्याच्या पलीकडे एक बाई बसल्या होत्या, खणखणीत आवाजाच्या. "काय शोधताय हो?"

"वर काहीतरी टांगलंय."

"असेल. मला नाही दिसत. मी मघापासून ती पिशवी बघतेय."

"कुठली पिशवी?"

"ती काय, खुंटीवर. पंख्याच्या वाऱ्याने हलतेय. या थेंबांत हलतं तेवढंच दिसतं बघा. बाकी सगळी भिंतच."

कोणाची तरी भाजीची पिशवी होती ती. दादाने मान वळवली. बराच वेळ तिकडे बघत राहिला. मग वर पाहिलं. मग पुन्हा पिशवीकडे. त्याचं नाव दोनदा पुकारलं गेलं. शेवटी मी त्याला कोपराला धरून आत नेलं.

तपासणी झाल्यावर तो घरी यायला तयार होईना. ते खाली उतरवून घेतलं आणि हॉलच्या जमिनीवर मांडी घालून बसला. समोरचं काही दिसत नव्हतं, म्हणजे मोजपट्टी निरुपयोगी. नुसत्या बोटांनी एकेक कडी चाचपायची आणि पकडीने सैल करायची. इतक्या हळू काम करताना मी त्याला पाहिलेलं नाही.

पुन्हा टांगलं. दार उघडलं, कोणीतरी आत आलं, आणि ते हललं, वहिनी! सगळंच्या सगळं. वरची दांडी आळस दिल्यासारखी वळली, खालच्या आपापल्या दिशेने निघाल्या, आणि पाचव्या मिनिटाला पानं एकमेकांवर अशी आपटली की घासलेली भांडी कोणी जिन्यावरून सोडावीत. नर्स धावत आली. उतरवावं लागलं. आता ते टीव्हीच्या खोक्याशेजारी ठेवलं आहे.

परत येताना गाडी मी चालवली. सिग्नलला तो म्हणाला, "तिला लिही."

"काय लिहू?"

"मला जमत नाही म्हणून."

"आणखी?"

"एवढंच." मग आमच्या गल्लीत वळल्यावर, "आणि म्हणावं, ते बिघडलेलं नव्हतंच. मी बिघडवलं."

मी त्याला माझ्या जन्मापासून ओळखतो. 'मला जमत नाही' हे वाक्य मी त्याच्या तोंडून प्रथमच ऐकलं, म्हणून शब्दशः कळवतो आहे. माझी भर एका अक्षराचीही नाही. हॉलचं उद्घाटन आठ तारखेला आहे. पुढचं तुम्ही ठरवायचं.

तुमचा दीर


९ एप्रिल, बुधवार

वहिनी,

परवा गाडीत बसताना तुम्ही विचारलंत, "मी शिडीवर होते तेव्हा खाली काय चाललं होतं?" गाडी सुटली म्हणून सांगता आलं नाही. आता सविस्तर.

तुम्ही घरी उतरला नाहीत, डॉक्टरीणबाईंकडे उतरलात, याबद्दल आत्या नाराज आहे. दादा नाही. तो म्हणाला, "येते म्हणाली हेच पुष्कळ." सकाळपासून हॉलमध्ये तो तुमच्याआधी हजर होता. कोपऱ्यात. माणूस एवढा उंच असून इतका कमी जागेत मावतो, हे मला नवीन होतं.

तुम्ही जमिनीवर बसून सगळं सुटं केलंत, आणि अगदी खालच्या जोडीपासून पुन्हा लावत गेलात, तेव्हा तो तुमच्या बोटांकडे बघत होता. तुम्हाला वाटलं असेल तो चुका काढतोय. नव्हे. त्याचे स्वतःचे अंगठे हलत होते. तुम्ही कडी सरकवलीत, की त्याचा अंगठा सरके.

मग तुम्ही शिडीवर चढलात आणि शिडी डुगडुगली. मी पुढे होण्याआधी तो तिथे पोचला होता.

"खाली कोण आहे?" तुम्ही वरूनच विचारलंत.

"मी."

"मग वर बघू नकोस. शिडी बघ."

महिन्याभराच्या अबोल्यानंतरचं पहिलं संभाषण म्हणून मी ते लक्षात ठेवलं आहे. त्याने खरोखर वर पाहिलं नाही. तुम्ही वरची दांडी अडकवलीत आणि ती चांगलीच कलली, तेव्हा तिची सावली त्याच्या बुटांवर तिरकी पडली. ती मात्र त्याने पाहिली. हात शिडीवरच राहिले.

"दार उघड," तुम्ही म्हणालात. मी गेलो. "बंद कर. आता अर्धवट. आता कोणीतरी आत चालत या." मग तुम्ही मला आणि नर्सला आतबाहेर किती फिरवलंत! मला वाटत होतं, झुलवणारा वारा खिडकीतून येतो. तुम्ही म्हणालात, नाही, माणसं येतात-जातात तीच हवा ढकलतात. दाराशी गर्दी असेल तेव्हा हे सर्वांत जास्त बोलेल, आणि एकटा माणूस बसला असेल तर हळू. म्हणजे ते घरी पुरं होणारच नव्हतं. आणि आम्ही दोघे भाऊ फोटोला भिंग लावून बसलो होतो.

शेवटची जोडी वळली, पण कोणाला लागली नाही. तुम्ही वरूनच विचारलंत, "किती कललंय?"

"माहीत नाही," तो म्हणाला. "शिडी बघतोय."

तुमची पाठ होती, तरी तुम्ही हसलात. खांद्यांवरून कळतं.

बाकी वृत्त: हॉलचं उद्घाटन काल झालं. थेंब घातलेले लोक माना वर करून बसतात आणि नाव पुकारलं तरी उठत नाहीत, अशी डॉक्टरीणबाईंची तक्रार आहे. टीव्ही नर्सेसच्या खोलीत गेला.

एक मात्र विचारतो. निघताना तुम्ही दादाला म्हणालात, "तिकडे एक जिना आहे. पाच मजली. मधल्या पोकळीत टांगायचंय. शिडी पुरायची नाही." आणि गाडीत बसलात. त्या वाक्यावर आमच्या घरी दोन दिवस भाष्य चालू आहे. आत्याचं मत, ते नुसतं सांगणं होतं. दादाचं मत, शिडी पुरणार नाही म्हणजे बांबूंची परांची बांधावी लागेल. मी विचारलं, "पण बोलावलं का?" तो म्हणाला, "परांची चुकीची बांधली तर माणूस पडतो."

तुमचा दीर


१५ एप्रिल, मंगळवार

वहिनी,

घाईत लिहितो. हे पत्र त्याच्याआधी पोचावं म्हणून टपालपेटीत न टाकता मोठ्या कचेरीत नेऊन देणार आहे.

दादा उद्या निघतो. नोकरीत पहिल्यांदाच लांब रजा घेतली. साहेबांनी कारण विचारलं तर म्हणाला, "जिना." त्यांना वाटलं पडला बिडला.

तुम्हाला कळवू नकोस, असं त्याने मला बजावलं आहे. "ती नको म्हणाली तर?" असं मी विचारलं. तो दोर मोजत होता. म्हणाला, "मग परांची बांधून देईन आणि परत येईन. बांधायला तर हवीच ना? ती एकटी पाच मजल्यांवर लोंबकळणार?" पुढे म्हणाला, "आणि मी खालीच उभा राहीन. वरचं तिचं ती बघेल." यात शहाणपणा नव्हता. मी बारकाईने ऐकलं, धंदाच तो आहे माझा.

खरं सांगायचं तर तो घाबरला आहे. काल रात्री जेवताना त्याने पानातलं सगळं संपवलं आणि काय खाल्लं ते आत्याने विचारलं तर सांगता आलं नाही. आत्याने नंतर त्याच्या बॅगेत जाड मोजे घातले. जिन्यात गारठा असतो म्हणाली. तिने तो जिना पाहिलेला नाही.

मी त्याला काही उपदेश केला नाही. एवढंच म्हणालो, की पोचल्यावर पहिलं वाक्य 'विषय' या शब्दाने सुरू करू नकोस. त्याने मान हलवली आणि मग विचारलं, "मग कशाने करू?" मला उत्तर सुचलं नाही. इतकी पुस्तकं वाचून सुचलं नाही. तेव्हा तो दारात नुसता उभा दिसला, तर समजून घ्या.

या पत्राला उत्तर पाठवायची घाई करू नका. तो परत आला नाही, की मला कळेल.

तुमचा दीर